बेनेटांच्या मुली आणि चालती प्रेते

'प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झोंबीज' या कादंबरीच्या मुखपृष्ठावर दोन लेखकांची नावे आहेत : जेन ऑस्टिन आणि सेथ ग्रॅहॅम-स्मिथ. पहिली १८१७ साली वारली, दुसरा १९७६ साली जन्मला. पुस्तक आले २००९ मध्ये. त्यातला सुमारे पंच्याऐंशी टक्के मजकूर ऑस्टिनचा आहे, १८१३ साली छापला गेला तसाच, जवळजवळ अक्षर न बदलता घेतलेला. उरलेल्या भागात मेलेली माणसे थडग्यांतून उठतात, जिवंतांचे मेंदू खात इंग्लंडभर हिंडतात, आणि बेनेट घराण्यातल्या पाच बहिणी तलवारी घेऊन त्यांची मुंडकी उडवतात. नाचाचे समारंभ, पत्रे, चहापान, लग्नांच्या वाटाघाटी हे सारे मध्ये चालूच राहते.

इंग्रजी साहित्यातल्या सर्वांत लाडक्या प्रेमकथेची अशी अवस्था झालेली पाहून पुष्कळांनी नाक मुरडले. पुष्कळांनी पुस्तक उचललेही, इतके की ते 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादीत जाऊन बसले. नाक मुरडणाऱ्यांना वाटले, ऑस्टिनचा अपमान झाला. उचलणाऱ्यांना वाटले, शाळेत सक्तीने वाचावे लागलेले एक पुस्तक अखेर मजेदार झाले. मला या दोन्ही मतांत एकच चूक दिसते. भीती बाहेरून आणून या कथेवर लादली, असे दोघेही धरून चालतात. ऑस्टिनच्या कादंबरीत भीती पहिल्यापासून होती. ती इतक्या सभ्य शब्दांत मांडलेली होती की दोनशे वर्षे वाचक तिच्यावरून हसत पुढे गेले. झोंबी आल्याने ती दिसू लागली. हे पुस्तक वाचण्याजोगे का आहे, आणि ते कुठे कमी पडते, हे दोन्ही त्या एका गोष्टीवरून ठरवता येते, आणि या प्रस्तावनेत मी तेच करणार आहे.

आधी पुस्तकाचा जन्म. फिलाडेल्फियातल्या क्वर्क बुक्स या छोट्या प्रकाशनसंस्थेत जेसन रेक्युलॅक नावाचे संपादक होते. त्यांनी दोन याद्या केल्या. एकीत स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या अभिजात कादंबऱ्या, दुसरीत तरुण वाचकांना वेड लावणाऱ्या गोष्टी : निन्जा, समुद्रातले चाचे, यंत्रमानव, माकडे, झोंबी. मग ते एका यादीतले नाव दुसरीतल्या नावाशी जोडून पाहू लागले. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' आणि 'झोंबी' ही जोडी जुळताच त्यांनी ग्रॅहॅम-स्मिथला फोन करून शीर्षक सांगितले. म्हणजे आधी शीर्षक आले, पुस्तक मागून. ग्रॅहॅम-स्मिथने मूळ संहिता समोर ठेवली आणि तिच्या सांध्यांत आपली वाक्ये बसवली. विल्यम बीची या चित्रकाराने काढलेल्या एका तरुणीच्या व्यक्तिचित्रात बदल करून मुखपृष्ठ झाले : तिचा जबडा झडलेला, पांढऱ्या पोशाखावर रक्त. यशानंतर त्याच साच्यातली पुस्तके भराभर निघाली. त्याच वर्षी बेन विंटर्सने 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'त समुद्रातले राक्षस घातले, पुढच्या वर्षी टॉलस्टॉयच्या 'अ‍ॅना कॅरेनिना'त यंत्रमानव आले. २०१६ साली बर स्टीअर्सने झोंबींच्या कादंबरीवर चित्रपट केला, त्यात लिली जेम्स नायिका एलिझाबेथ बेनेट झाली. या लाटेतली बहुतेक पुस्तके आज कुणी उघडत नाही. पहिले मात्र टिकले, आणि ते टिकण्याला कारण आहे.

त्या कारणाकडे जाण्याआधी झोंबीची ओळख करून घ्यायला हवी, कारण आपल्याकडच्या भुतांशी त्याचे फारसे नाते नाही. मुंजा, हडळ, समंध, वेताळ या प्रत्येकाला काही तरी हवे असते. कुणाची सोडमुंज राहिलेली, कुणाचे लग्न राहिलेले, कुणाचा जीव पुरून ठेवलेल्या धनात अडकलेला. आपले भूत आठवण ठेवते, बोलते, अटी घालते. नारळ देऊन किंवा वचन देऊन त्याची समजूत घालता येते. झोंबीला आठवण नाही, नाव नाही, गाऱ्हाणेही नाही. त्याला फक्त भूक आहे. ही कल्पना हैतीतून आली. फ्रेंचांच्या ताब्यातल्या त्या वसाहतीत आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबवले जाई. मेल्यावरही कुणी मांत्रिक आपल्याला उठवील आणि पुन्हा राबवील, ही तिथल्या माणसांची सर्वांत मोठी धास्ती. १७९१ साली त्या गुलामांनी उठाव केला आणि १८०४ साली हैती स्वतंत्र झाला. ऑस्टिन तेव्हा इंग्लंडमध्ये वयात येत होती, लिहू लागली होती. पुढे १९२९ साली विल्यम सीब्रुकच्या प्रवासवर्णनातून झोंबी अमेरिकेत पोचला, १९३२ साली पडद्यावर आला, आणि १९६८ साली जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ने त्याला माणसांचे मांस खायला लावले. या चित्रपटाचे नाव प्रदर्शनापूर्वी बदलले गेले आणि नव्या शीर्षकासोबत स्वामित्वहक्काची सूचना घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याने त्यामुळे चित्रपटावरचा हक्कच गेला. ऑस्टिनची कादंबरी वेळ संपल्यामुळे सर्वांची झाली, रोमेरोचा चित्रपट चुकीमुळे. दोन्हींना मालक उरला नाही, म्हणून दोन्ही एकत्र येऊ शकली.

आता मूळ कादंबरीकडे. तिला प्रेमकथा म्हणतात आणि ती आहेही, पण तिच्या पानापानावर हिशोब आहे. बेनेट कुटुंबाच्या लॉन्गबोर्न जमिनीचे उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड. जमीन वारसाहक्काने फक्त पुरुषाकडे जाणार, आणि घरात पाच मुली. बाप डोळे मिटताच घर, शेत, फर्निचर सगळे कॉलिन्स नावाच्या दूरच्या भावाचे होणार. मुलींच्या वाट्याला काय येणार, ते कॉलिन्स स्वतःच एलिझाबेथला मागणी घालताना सांगतो : आईच्या पश्चात प्रत्येकी एक हजार पौंड, चार टक्क्यांच्या रोख्यांत. वर्षाला चाळीस पौंड. कथानायक डार्सीचे वार्षिक उत्पन्न दहा हजार आहे हे लक्षात घेतले की त्या चाळिसांचा अर्थ कळतो. मुलींना नोकरीची सोय नाही. फार तर दुसऱ्याच्या घरी मुलांना शिकवायला राहता येईल. लग्न न झालेल्या मुलीने भावाच्या दारी राहायचे, आणि या मुलींना भाऊही नाही. मिसेस बेनेटला आपण सगळे हसतो, तिच्या आरडाओरड्याला आणि मुली उजवण्याच्या घाईला. पण तो हिशोब त्या घरात फक्त तीच रोज मांडते. बाप आपल्या अभ्यासिकेत पुस्तक घेऊन बसतो.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या देवलांच्या 'शारदा' नाटकात म्हाताऱ्या भुजंगनाथाची लग्नाची हौस पाहून प्रेक्षक पोट धरून हसत, आणि त्या हसण्याखाली एक बाप आपली पोर विकत असे. हसणे आणि अंगावर काटा येणे ही दोन्ही एकाच प्रसंगात मावतात, हे आपल्या रंगभूमीने फार आधी ओळखले होते.

ऑस्टिनने ही भीती कल्पनेने रचलेली नाही. तिच्या घरात ती होती, आणि तिचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. तिची आत्या फिलाडेल्फिया लहानपणीच पोरकी झाली. पैसा नव्हता, पाठीशी कुणी नव्हते. १७५२ साली ती जहाजात बसून मद्रासला निघाली, नवरा शोधायला. ईस्ट इंडिया कंपनीत गोरे पुरुष पुष्कळ आणि गोऱ्या बायका थोड्या, म्हणून इंग्लंडमधल्या हुंडा नसलेल्या मुलींना हा मार्ग दाखवला जाई. पुढच्या वर्षी कंपनीतल्या टायसो हॅनकॉक या वैद्याशी तिचे लग्न झाले. तिची मुलगी एलायझा १७६१ साली कलकत्त्यात जन्मली. जेन ऑस्टिनने किशोरवयात लिहिलेल्या 'कॅथरीन' या अपुऱ्या राहिलेल्या कथेत अशीच एक मुलगी बंगालला पाठवली जाते, आणि लोक तिला भाग्यवान म्हणतात. ऑस्टिनला ते भाग्य वाटत नव्हते, हे त्या पानांवरून लगेच कळते.

स्वतः जेनलाही १८०२ च्या डिसेंबरात मागणी आली. हॅरिस बिग-विदर हा मोठ्या इस्टेटीचा वारस होता. तिने संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोडला. दोन आठवड्यांनी ती सत्तावीस वर्षांची होणार होती. १८०५ साली वडील गेले, आणि आई आणि दोन्ही मुली भावांनी पाठवलेल्या पैशांवर घरे बदलत राहिल्या. १८०९ मध्ये चॉटनला भावाच्या इस्टेटीतले छोटे घर मिळाले, तेव्हा कुठे तिचे लिहिण्याचे टेबल स्थिर झाले. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क तिने प्रकाशक एगर्टनला ११० पौंडांना विकले. मागितले होते १५०.

सत्तावीस हा आकडा लक्षात ठेवावा. शार्लट ल्यूकस या एलिझाबेथच्या मैत्रिणीचे वय कादंबरीत तेवढेच आहे. तेव्हाच्या हिशोबाने घोडनवरी. एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सला ती दोन-तीन दिवसांत होकार देते. कॉलिन्स लाळघोटा आहे, मूर्ख आहे, त्याची बडबड थांबत नाही. शार्लटला हे एलिझाबेथइतकेच दिसते. तिला प्रेम नको आहे, डोक्यावर छप्पर हवे आहे. पदरी पडले पवित्र झाले, असे म्हणत बायकांच्या किती पिढ्या जगल्या, ते आपण जाणतो. पुढे एलिझाबेथ तिच्या घरी हन्सफर्डला जाते तेव्हा ऑस्टिन एक लहानशी गोष्ट दाखवते. शार्लटने स्वतःच्या बसण्यासाठी घराच्या मागच्या बाजूची, कमी चांगली खोली निवडली आहे. एलिझाबेथला आधी आश्चर्य वाटते, मग कळते : ही खोलीही चांगली असती तर नवरा सारखा तिथे येऊन बसला असता. नवऱ्याला बागकामाची गोडी लागावी म्हणूनही शार्लट झटते, कारण तो बागेत असला की घरात नसतो. ऑस्टिन यावर आवाज चढवत नाही. एक बाई रोज थोडी थोडी गप्प होत जाते, एवढेच ती दाखवते.

ग्रॅहॅम-स्मिथने आपले सर्वांत चांगले काम इथे केले आहे. त्याच्या पुस्तकात शार्लटला झोंबीचा संसर्ग झालेला असतो. ती एलिझाबेथला हे गुपित सांगते : माझे थोडेच महिने उरले आहेत; ते मला सुखात काढायचे आहेत, आणि शेवटी माझे मुंडके रीतसर उडवून मला पुरणारा नवरा हवा आहे. म्हणून कॉलिन्स. मग हन्सफर्डच्या भेटीत तिचे शब्द ओढले जाऊ लागतात, कातडी करडी पडते, जेवताना अन्न तोंडातून सांडते. एलिझाबेथला ते दिसते. नवऱ्याला दिसत नाही. तो बोलतच राहतो. या पानांवर मी खूप हसलो आणि पुस्तक खाली ठेवावेसे वाटावे इतका अस्वस्थही झालो. बायको डोळ्यांसमोर मरते आहे आणि नवऱ्याला पत्ता नाही, हे मूळ कादंबरीतही होते. तिथे शरीर शाबूत राहून शार्लट आतून संपत होती. इथे तेच शरीरावर उमटले. ग्रॅहॅम-स्मिथने हे मुद्दाम केले की त्याच्या हातून आपसूक घडले, हे पुस्तकावरून ठरत नाही, आणि ठरायची गरजही नाही. मूळ कथेचा सांधा त्याला अचूक सापडला, एवढे पुरे. या पुस्तकात बेनेट बहिणींना तलवार आहे. शार्लटच्या हाती तलवारही नाही, हुंडाही नाही.

दुसरा असा सांधा सैन्याचा. मूळ कादंबरीत मेरिटन गावी एक पलटण येऊन राहते आणि लिडिया, किटी या धाकट्या बहिणी लाल डगल्यांच्या मागे धावतात. पलटण तिथे का आली, शत्रू कोण, याविषयी कुणी चकार शब्द काढत नाही. त्या काळात, १७९३ पासून १८१५ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली तर इंग्लंड फ्रान्सशी लढत होते. ऑस्टिनचे दोन भाऊ नौदलात होते, तिसरा हेन्री ऑक्सफर्डशायरच्या पलटणीत. कलकत्त्यात जन्मलेल्या एलायझाचा फ्रेंच नवरा १७९४ साली पॅरिसमध्ये गिलोटीनखाली गेला. युद्ध ऑस्टिनच्या दाराशी होते, तरी तिच्या पात्रांच्या बोलण्यात ते येत नाही, कारण दिवाणखान्यात असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. ग्रॅहॅम-स्मिथच्या इंग्लंडमध्ये झोंबींचा उच्छाद पंचावन्न वर्षे चालू आहे, लंडनभोवती तट उभा आहे, पलटण प्रेतांशी लढायला आली आहे, आणि तरीही सुसंस्कृत माणसे झोंबी हा शब्द टाळतात. नाव न घेण्याजोगे काही तरी, असा त्यांचा उल्लेख होतो. पाऊस, चिखल, रस्त्याची वाईट अवस्था आणि वाटेत भेटलेली प्रेते यांची तक्रार एकाच सुरात केली जाते. या पुस्तकातला विनोद बव्हंशी या सुरातून निघतो. ऑस्टिनच्या वाक्याचा तोल तसाच ठेवून त्यात मुंडके उडवले की हसू येते, कारण वाक्याला मुंडके उडाल्याचे कळलेलेच नसते. एका ठिकाणी झोंबी फुलकोबीला मेंदू समजून खातात. तो प्रसंग अगदी पोरकट, आणि मला फार आवडतो.

थोरली बहीण जेन बेनेट नेदरफील्डला, डार्सीचा मित्र बिंगली याच्या घरी, जाते तो भाग पाहा. आईने मुद्दाम घोड्यावर पाठवलेली मुलगी पावसात भिजते, आजारी पडते आणि तिथेच मुक्काम करते. आईचा डाव साधतो. आपण हे वाचून हसतो, पण मुलीला वर मिळावा म्हणून आईने तिचा जीव धोक्यात घातला, हेही खरेच. नव्या पुस्तकात जेनला संसर्ग झाला की काय, ही शंका येताच तो धोका मोठ्या अक्षरांत दिसतो.

ऑस्टिनला स्वतःला हा खेळ रुचला असता का, असे लोक विचारतात. मेलेल्या लेखिकेच्या वतीने उत्तर देणे मला बरे वाटत नाही. तिने स्वतः काय केले, ते मात्र सांगता येते. चौदाव्या वर्षी तिने त्या काळच्या भावविवश कादंबऱ्यांचे विडंबन लिहिले. त्यातल्या नायिका आळीपाळीने मूर्च्छा येऊन पडतात. पुढे 'नॉर्थँगर अ‍ॅबी'त तिने अ‍ॅन रॅडक्लिफच्या भयकादंबऱ्यांना हात घातला. तिची कॅथरीन मॉरलंड जुन्या मठात पाहुणी म्हणून जाते, वादळी रात्री एक काळे कपाट उघडते, आत कागदांची गुंडाळी सापडते. तिला वाटते, एखाद्या छळलेल्या जिवाचे गुपित असणार. सकाळी उजेडात पाहते तर ती धुण्याची बिले. घरमालक जनरल टिल्नीने बायकोचा खून केला असावा, हा तिचा संशयही खोटा निघतो. आणि मग, ती श्रीमंत नाही हे कळताच तोच जनरल त्या मुलीला भल्या सकाळी घराबाहेर काढतो, सोबत माणूस न देता, सत्तर मैलांच्या प्रवासाला. कपाटात काही नव्हते. भीती जेवणाच्या टेबलाच्या टोकाला बसली होती आणि मुलीच्या हुंड्याचा अंदाज घेत होती. हे पुस्तक ऑस्टिनच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या डिसेंबरात निघाले. १८१८ च्या पहिल्या दिवशी मेरी शेलीचे 'फ्रँकेनस्टाइन' आले. दोन्ही पुस्तके एकाच आठवड्यात लंडनच्या दुकानांत होती. प्रेमकथा आणि भयकथा यांचा संसार नवा नाही.

आता पुस्तकाच्या उणिवा, आणि त्या लहान नाहीत.

पहिली सर्वांत मोठी. हन्सफर्डला डार्सी एलिझाबेथला मागणी घालतो, मूळ कादंबरीचे चौतिसावे प्रकरण. बंद खोलीत दोन माणसे. त्यांच्यापाशी वाक्यांखेरीज काही नाही. तो प्रेम सांगता सांगता तिच्या घराण्याचा उद्धार करतो, ती नकार देते, आणि प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा खोल जाते. या प्रसंगाचे सामर्थ्य असे की इथे कुणी कुणाला स्पर्श करत नाही. ग्रॅहॅम-स्मिथ या वाक्यांच्या मध्ये लाथा घालतो. एलिझाबेथ डार्सीला शेकोटीवरच्या फळीवर आदळवते. वाचताना गंमत वाटते, पण मारामारी झाली की ताण सुटतो आणि शब्दांना काम उरत नाही. मूळ एलिझाबेथपाशी पैसा नाही, हक्क नाही, कायदा तिच्या विरुद्ध आहे. जिभेवर ती जगते. तिच्या हाती तलवार दिली की ती बलवान होते खरी, पण जीभ मग शोभेची उरते. डार्सीची मावशी लेडी कॅथरीन हिच्याशी होणारे द्वंद्वही याच कारणाने फिके पडते. मूळ छप्पन्नाव्या प्रकरणात एक वीस वर्षांची मुलगी इंग्लंडमधल्या बड्या सरदारणीला बागेत उभे राहून शब्दांनी परतवते. त्याहून मोठी लढाई कुणालाही लिहिता येणार नाही.

दुसरी उणीव आशियाई वाचकाने बोलून दाखवलीच पाहिजे. बेनेट बहिणी चीनमध्ये शाओलिनला शिकून आल्या आहेत, तर लेडी कॅथरीन आणि डार्सी जपानी विद्येचे. जपानला शिकणे श्रीमंतीचे लक्षण आणि चीनला शिकणे दुय्यम, ही कल्पना चांगली आहे. कुणाची मुले कोणत्या शाळेत जातात यावरून माणसे जोखणाऱ्या समाजावर ती नेमकी बसते. पण रोझिंग्ज या लेडी कॅथरीनच्या वाड्यात तिने पाळलेले निन्जा येतात, आणि पाहुण्यांच्या करमणुकीसाठी एलिझाबेथ त्यांना एकामागून एक मारते. एकाचे काळीज काढून चावतेही. या माणसांना नाव नाही, चेहरा नाही, बोलणे नाही. झोंबी तरी एकेकाळी कुणाचे शेजारी होते. झोंबीचा जन्म गुलामांच्या भीतीतून झाला हे आठवले की दूरदेशीच्या नोकरांचे असे मरणे जास्तच खुपते. इथे लेखकाला आपण काय लिहितो आहोत याचे भान राहिलेले दिसत नाही.

पलटणीतला अधिकारी विकम याचे भागही मला पटले नाहीत. मूळ कादंबरीत विकम पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना फसवतो आणि त्याचे काहीच वाकडे होत नाही. डार्सी त्याचे हजाराहून अधिक पौंडांचे कर्ज फेडतो, त्याला सैन्यात जागा मिळवून देतो, लिडियाशी त्याचे लग्न होते, आणि तो हसतमुखाने सासऱ्याच्या घरी जेवायला येतो. ते पान वाचताना माझ्या हाताच्या मुठी वळतात. नव्या पुस्तकात डार्सी त्याला मारून कायमचा पंगू करतो, आणि त्याच्या पंगूपणावर विनोद होतात. एक तर असा विनोद हीन आहे. शिवाय त्यामुळे वाचकाला समाधान मिळते, आणि ऑस्टिनने ते वाचकाला जाणूनबुजून नाकारले होते.

तरीही हे पुस्तक वाचावे असे मी म्हणतो. विडंबनाचा एक जुना नियम त्याला लागू आहे. १९२५ साली आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले' आणली, तेव्हा ती हसवू शकली, कारण वाचकांना मूळ कविता आणि त्या कवींच्या लकबी तोंडपाठ होत्या. अत्र्यांनाही होत्या, त्यांनी त्या वृत्तांत, त्या शब्दकळेत स्वतः लिहून दाखवले. मूळ ठाऊक नसेल तर विडंबन हा नुसता गोंधळ होतो. २०२२ साली आलेला आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' हा मराठी चित्रपटही असाच वाचता येतो. त्यातल्या झोंबींमागे पाण्याचा आणि वस्तीचा प्रश्न आहे. टोलेजंग इमारती आणि झोपड्या यांच्यातली दरी ज्याला ठाऊक आहे, त्याला त्यातले भय आणि हसू दोन्ही पोचतात.

म्हणून या पुस्तकाकडे वळणाऱ्या वाचकाला माझे सांगणे असे. आधी ऑस्टिन वाचा. तिची कादंबरी प्रोजेक्ट गटेनबर्गवर फुकट मिळते. एकसष्ट प्रकरणे आहेत, बहुतेक लहान. इंग्रजी जुनी असली तरी संवादांवर चालते, आणि दहाएक प्रकरणांनंतर सराव होतो. मग ग्रॅहॅम-स्मिथचे पुस्तक घ्या आणि मूळ प्रत बाजूला उघडी ठेवा. नव्या पुस्तकाची मांडणी मूळच्याच क्रमाने चालते, त्यामुळे ताडून पाहणे सोपे आहे. शार्लटच्या होकाराचे बाविसावे प्रकरण, हन्सफर्डच्या भेटीची पुढे येणारी काही प्रकरणे आणि डार्सीच्या मागणीचे चौतिसावे एवढी तरी दोन्हीकडे ओळीने वाचा. कोणते वाक्य जुने, कोणते नवे, हे पेन्सिलीने खुणा करून ओळखा. काही ठिकाणी तुम्ही फसाल. सर्वांत भयंकर वाटलेले वाक्य ऑस्टिनचे निघेल. आणि एकाच पुस्तकापुरता वेळ असेल, तर ते ऑस्टिनचे असू द्या.